मामाची मांडी

माझ्या भावाचा डावा गुडघा माझ्या लाथेनं गेला, असं मी वीस वर्षं धरून चालले होते. मीच कशाला, परभणी जिल्ह्यातल्या झरीजवळचं आमचं सगळं गाव तसंच धरून चाललं होतं. मी नऊ वर्षांची, तो अकरा. भांडण पेरूवरून. त्यानं मोठी फोड स्वतः घेतली, मला बारकी दिली, आणि माझं डोकं फिरलं. माझं डोकं तेव्हाही फिरायचं, आताही फिरतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. ओसरीवर बसल्या बसल्या मी त्याला सणसणीत लाथ घातली. दिवेलागणीच्या आत त्याचा गुडघा सुजून टम्म झाला.

दुसऱ्या कुणाच्या घरी आईनं दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालून विषय मिटवला असता. पण आमच्या घरात दादाला हात लावायचा नाही, असा कायदाच होता. का लावायचा नाही, हे कुणालाच नीट सांगता यायचं नाही. त्याचा दुधाचा दात पडला की दोन दोन दिवस तोंडातून रक्त ठिबकत राहायचं. आई उशाशी जुन्या धोतराच्या चिंध्या फाडून ठेवायची. नुसता उंबऱ्याला अडखळला तरी पोटरीवर काळानिळा डाग आणि डागाखाली गाठ. आईचा एक धाकटा भाऊ लहानपणी जीभ चावून गेला होता. खेळता खेळता पडला, जीभ दाताखाली आली, रक्त काही केल्या थांबलं नाही, आणि चौथ्या दिवशी लेकरू संपलं. त्यामुळं आमची आत्या, म्हणजे वडिलांची बहीण, घरी आली की हमखास म्हणायची, "वैनी, तुमच्या माहेरालाच कायतरी हाय बघा." आई मान खाली घालून भाकरी थापत राहायची. मला त्या वयातही आत्याचा असा राग यायचा की तिच्या चपला उचलून विहिरीत टाकाव्या वाटायच्या.

त्या संध्याकाळी वडिलांनी मला तुराटीनं मारलं. एक तुराटी मोडली, दुसरी घेतली. मी रडले नाही, उलट त्यांच्याकडं डोळे वटारून बघत राहिले, म्हणून आणखी दोन जास्त बसल्या. दादा बाजेवर पाय लांब करून बघत होता. तो एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, दुखतंय म्हणून बोलत नसेल.

दुसऱ्या दिवशी त्याला शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्याकडं नेलं. तो लचक काढायचा, मोडलेलं हाड बसवायचा. आमच्या भागात अजूनही पाय मुरगळला, गुडघा सुजला की लोक आधी चोळून घेतात आणि दवाखान्याचं नंतर बघतात. सूज म्हणजे नस चढलेली, आणि चढलेली नस रगडून उतरवायची, एवढं साधं गणित. म्हाताऱ्याचं मन वाईट नव्हतं. त्यानं तेल गरम करून दोन्ही हातांनी गुडघा रगडला, वरून बिब्ब्याचे चटके दिले. दादाचं ओरडणं ऐकून बाहेर बांधलेली म्हैस दावं तोडायला लागली, असं आई सांगते. तीन दिवसांत सूज मांडीपर्यंत चढली आणि पाय काळा दिसायला लागला. मग मात्र वडील घाबरले. जीप करून परभणी, आणि परभणीहून रेल्वेनं मोठ्या शहरातला दवाखाना. मला मागं कुणाकडं ठेवणार, म्हणून मलाही नेलं.

तिथं त्या दुखण्याला पहिल्यांदा नाव मिळालं. हिमोफिलिया. आमच्या आईला ते नाव अजून म्हणता येत नाही. ती "दादाचं ते" एवढंच म्हणते. तिथल्या डॉक्टरीणबाई फार चांगल्या होत्या. त्यांनी वडिलांना विचारलं, "स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात, बघितलंय ना? जखम झाली की रक्तातही तशीच रांग लागते. याच्या हातातून त्याच्या हातात, असं करत माल वर पोचतो, तेव्हा जखमेवर थर बसतो आणि रक्त थांबतं. तुमच्या मुलाच्या रांगेतला आठव्या नंबरचा माणूस जन्मापासून कामावरच आलेला नाही." वडील स्वतः गवंड्याच्या हाताखाली राबलेले. त्यांना ते एका झटक्यात कळलं.

असल्या मुलाचं रक्त इतरांपेक्षा जोरात वाहत नाही, फक्त थांबायचं नाव घेत नाही. बाहेरच्या खरचटण्याला फार भ्यायचं नाही, ते दाबून धरलं की भागतं. भीती आतल्या रक्ताची. गुडघ्यात, घोट्यात, कोपरात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोक्यात. सांध्यात रक्त पुन्हा पुन्हा साचलं की आतली गादी झिजते आणि सांधा गंजल्या बिजागरीसारखा अडकून बसतो. चोळणं, शेकणं म्हणजे तिथं आणखी रक्त सोडणं. बर्फ लावायचा, पाय हलवायचा नाही, आणि तो गैरहजर आठवा माणूस सुईनं शिरेत सोडायचा. बाईंनी हे सगळं सांगितलं आणि मग आईकडं बघून म्हणाल्या की हे बहुतेक वेळा आईकडून येतं. आईला स्वतःला फारसा त्रास होत नाही, पण तिच्या प्रत्येक मुलाला हे दुखणं येण्याची निम्मी शक्यता, आणि प्रत्येक मुलीला ते पुढं नेण्याची निम्मी शक्यता. मग त्यांनी पेनानं माझ्याकडं दाखवलं. "हिचीही तपासणी करून घ्या. लग्नाआधी नक्की."

परतीच्या रेल्वेतून परभणीला उतरताना आई म्हणाली, "म्हंजी म्याच दिलं व्हय लेकराला." वडील सामान खाली घेत होते. ते न बघताच म्हणाले, "तू दिलं न्हाई. तुझ्यातून आलं." ते तसे कडक माणूस, पण तेवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांना दोन्ही तुराट्या माफ केल्या.

मला मात्र त्या सगळ्यातून एकच कळलं होतं. रोग आईकडून आला असेल, पण गुडघा माझ्यामुळं गेला. कारण तो गुडघा नंतर ना पूर्ण सरळ झाला, ना पूर्ण वाकला. दादा पंगतीत बसायचा तो उपड्या डब्यावर. शाळेत मुलं कबड्डी खेळायची तेव्हा तो गुण लिहायचा. मोठा झाल्यावर स्वतःच्या हातानं स्वतःच्या शिरेत सुई टोचायला शिकला, आणि झरीत सातबारा काढून देण्याचं, अर्ज भरून देण्याचं दुकान टाकलं. मला तो कधी लाथेवरून बोलला नाही. मी त्याच्याशी भांडायची तेव्हा जीभ सैल सोडायची, पण हात-पाय जवळ ठेवायची. बाकी गावानं लाथ विसरू दिली नाही. कुठंही गेलं की, "हीच का ती?"

माझं लग्न सोनपेठला ठरायला लागलं तेव्हा सासरच्या माणसांनी विचारलं, मुलीचा भाऊ लंगडतो कामून? वडील सहज बोलून गेले, "ल्हानपणी हिनं लाथ घातली." सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, "आगं बया, म्हंजी सून लाथाळी हाय म्हणायची!" आणि विषय तिथंच संपला. खोटं कुणी बोललं नाही. खरं पण कुणी बोललं नाही. दादा दोनदा माझ्या मागं लागला होता, "तपासून घे. रक्तच द्यायचंय." मी म्हटलं, तुझी पिडा तुझ्यापाशी ठेव, मला कशाला चिकटवतोस? असं बोलले मी. आता आठवलं की जीभ हासडावी वाटते.

आमच्या मालकांचं सोनपेठला पाण्याच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देण्याचं दुकान आहे, आणि मी घरी ब्लाऊज शिवते. दिवसभर सुईत दोरा ओवणारी बाई मी, पण दवाखान्याची सुई बघितली की मला घेरी येते. पाळी आली की मला आठ-आठ दिवस बेजार व्हायला होई. मला वाटे सगळ्याच बायकांना होतं. मुलगा झाला तेव्हाही रक्त लवकर थांबेना. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास आहे का?" सासूबाई खाटेशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "न्हाई."

त्या एका "न्हाई"नंतर मला सारखी नवनवी कारणं शोधावी लागली. लस टोचल्यावर लेकराच्या मांडीवर गाठ आली ती दहा दिवस गेली नाही. मी म्हटलं, लसच भारी असेल. उचललं की बगलेखाली बोटांचे निळे ठसे उठायचे. मी म्हटलं, गोरा आहे, गोऱ्या अंगावर डाग दिसतात. डाग झाकायला मी त्याला लांब बाह्यांची झबली शिवली, तीही उन्हाळ्यात. म्हणजे मला कळत नव्हतं असं कुणाला सांगायची सोय नाही. मला कळत होतं. फक्त तपासलं नाही तोवर ते नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

अकराव्या महिन्यात जावळ काढायचं ठरलं. आमच्याकडं जावळ मामाच्या मांडीवर काढतात. मामा पाटावर मांडी घालून बसतो, लेकरू मांडीत, आणि आत्यानं पदर पसरून केस झेलायचे, खाली पडू द्यायचे नाहीत. आता मामालाच मांडी घालता येत नाही म्हटल्यावर सासूबाईंनी तोड काढली. "तुझ्या चुलत भावाला बसव की. मामा तो मामाच."

"मामा एकच हाय, आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं. "तो खुर्चीत बसंल."

"खुर्चीत जावळ कुणी बघितलंय का?"

"आता बघा की मग."

भांडून मी ती खुर्ची मिळवली. माझ्या लाथेनं त्याची मांडी गेली, तर माझ्या लेकराचं जावळ त्याच्याच मांडीवर होणार, मग ती खुर्चीतली का असेना. एवढं एक तरी मला फेडायचं होतं.

शेतात लिंबाखाली देवीचा ओटा आहे, तिथं सगळे जमलो. बाजूला बोकडाच्या रश्श्याला उकळी आलेली. दादा सकाळच्या एसटीनं आला. लाल प्लास्टिकची खुर्ची मांडली, तो बसला, डावा पाय अर्धवट पुढं. मी लेकराला आंघोळ घालून, कपाळाला कुंकू लावून, उघड्या अंगानं त्याच्या मांडीवर ठेवलं. जावळाला झबलं घालत नाहीत, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

दादानं त्याला नीट बसवायला बगलेत हात घातले आणि थांबला. दोन्हीकडं निळे ठसे होते, काही ताजे, काही पिवळे पडलेले. त्यानं एका ठशावर अंगठा हलकेच ठेवून बघितलं. मग मांडी बघितली, पाठ बघितली. "हे कवापासून?"

"काय न्हाई, उचलताना उठतंय," मी म्हटलं आणि डोळे मोठे करून त्याला गप्प बस म्हणून खुणावलं.

तो माझ्याकडं बघत राहिला. तेवढ्यात आमच्या नाभिकानं लेकराच्या डोक्याला पाणी लावलं, वस्तऱ्यात नवं पातं घातलं आणि पुढं झाला. माझी नणंद पदर पसरून खाली बसली. दादानं आपला पंजा लेकराच्या ओल्या डोक्यावर ठेवला, सगळं डोकं झाकलं.

"मामा, हात काढा की," नाभिक हसत म्हणाला.

"न्हाई. आज जावळ न्हाई."

"कामून?" सासूबाई पुढं आल्या. "काय झालं? मानपानात काय चुकलं का आमचं?"

मी "दादा" म्हटलं, ते इतकं बारीक की माझं मलाच ऐकू आलं नसेल. तो सासूबाईंकडं बघून हळूहळू बोलायला लागला. "मावशी, मपल्या रक्तात जन्मापासून खोट हाय. लागलं की रक्त थांबत न्हाई. ती आईकडून आलीय. हिच्याकडूनबी ह्या लेकराला आलेली आसंल. हे डाग तसलेच हायत. आधी परभणीला तपासा, मग जावळ करा. वस्तरा लावू नका."

आमचे मालक चुलीकडून आले होते. ते गोंधळून म्हणाले, "पण पाव्हणं, तुमचा गुडघा तर हिच्या लाथेनं..."

"लाथ हिनं मारली," दादा म्हणाला. "पण ती मांडीला लागली. गुडघा आदल्या दिवसापासनंच दुखायलता. म्या शाळेच्या भिंतीवरनं उडी मारली व्हती. उडी मारायची न्हाई म्हणून बापानं बजावलेलं. दुसऱ्या दिवशी हिनं लाथ घातली आन् मला बरं सापडलं. हिला मार बसायलता तरी म्या गप. तवापासनं गपच हाय."

लोक म्हणतात रागानं डोळ्यांपुढं अंधारी येते, तसं काही झालं नाही. मला सगळं लख्ख दिसत होतं. वस्तरा, लाल खुर्ची, नणंदेचा रिकामा पदर. मी लेकराला त्याच्या मांडीवरून ओढून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चालता हो. परत मपल्या दारात पाय ठेवू नको." सगळ्यांना वाटलं मी लाथेवरून चिडले. लाथेचं मला काही वाटलं नव्हतं हो. मी जे वर्षभर झबल्याखाली झाकून ठेवलं होतं ते त्यानं उघड्यावर आणलं, त्याचा तो राग होता. दादा खुर्चीच्या हाताला धरून उठला आणि बांधाबांधानं लंगडत रस्त्याकडं गेला. रस्सा शिजलेला होता, पण तो जेवलाही नाही.

सासूबाई मला एकच वाक्य बोलल्या. "आमाला फसवलंस." त्या बोलल्या ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक गाडीला किक मारून म्हणाले, "चल. मोटार जळाली का न्हाई ते उघडल्याबिगर कळत न्हाई."

परभणीला रक्त घेतलं, नमुना पुढं मोठ्या दवाखान्यात गेला. निकाल यायला जे दिवस लागले त्यात मी एकही ब्लाऊज धड शिवला नाही. एकीला तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या लावल्या. निकाल आला. लेकराच्या रांगेतला आठवा माणूसही कामावर आलेलाच नव्हता. मी डॉक्टरांना विचारलं, त्या दिवशी वस्तरा लागला असता तर? ते म्हणाले, "कदाचित दाबून धरल्यावर थांबलंही असतं. पण तुम्हाला कळलं नसतं. आणि चालायला लागल्यावर तो कधीतरी डोक्यावर आपटला असता, तेव्हा तुम्ही बाम चोळून झोपवला असता." मी अगदी तेच केलं असतं.

आईला फोन केला. ती पलीकडून तेच जुनं बोलली, "म्हंजी म्याच दिलं व्हय." वडील तोवर गेले होते, नाहीतर त्यांनी सांगितलं असतं. मी फोनवर ओरडले, "तू दिलं न्हाईस! तुझ्यातून आलं. मपल्यातून आलं. बास!" ओरडले आणि तिथंच भिंतीला टेकून हमसून हमसून रडले. तुराटीचा मार खाताना राहिलेलं सगळं रडणं त्या दिवशी बाहेर पडलं.

सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपलं जुनं मऊ लुगडं आणून माझ्या मशीनवर टाकलं. "चड्ड्यांला गुडघ्यावर जाड पट्टी लाव. रांगतंय ते." मी लुगड्याच्या चार-चार घड्या घालून पट्ट्या लावल्या, कोपरालाही लावल्या. त्या शेजारी बसून दोरे तोडत होत्या. जरा वेळानं म्हणाल्या, "आन् भावाला फोन लाव. लेकराच्या डोक्यात जटा व्हायल्यात. नातवाला वाचवायला आलेला माणूस मपल्या शेतातून उपाशी गेला, मला घास गोड लागंना."

मी फोन लावला. त्यानं उचलला. मी म्हटलं, "लाथाळी बोलायलेय."

"बोल की मग."

"वीस वर्षं गप बसलास, मुडद्या."

"भ्यालतो," तो म्हणाला. "आधी बापाला भ्यालतो. मग तुला भ्यालो. तू लय बोलतीस."

मला हसूही आलं आणि रडूही आलं. जावळाला ये म्हटलं तर येताना पिशवीभर पेरू घेऊन आला, आणि सगळ्यांत मोठा पेरू न कापता माझ्या हातात दिला. जावळ त्याच लाल खुर्चीत झालं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं नाभिकानं वस्तऱ्याऐवजी केस कापायचं मशीन लावलं. नणंदेनं केस झेलले. सासूबाई येईल त्याला सांगत होत्या, "आमच्यात जावळ खुर्चीतच काढतेत."

त्यानंतर खरं काम सुरू झालं. दर वेळी सोनपेठहून परभणी गाठायचं म्हणजे तोवर सांध्यात रक्त साचत राहतं. सूज दिसायच्याही आधी आत झिणझिण्या येतात, आणि सुई तेव्हाच टोचावी लागते. म्हणून घरी टोचायला शिकायचं होतं, आणि शिकणार कोण, तर सुईला घाबरणारी मी. परभणीच्या सिस्टरनं रीत दाखवली, पण हात बसवला दादानं. त्याला स्वतःला औषध घ्यायची वेळ आली की तो एसटीनं सोनपेठला यायचा आणि आपला हात माझ्यापुढं टाकायचा. "टोच."

पहिल्या वेळी मला घेरी आली. दुसऱ्या वेळी शीर चुकली आणि त्याच्या हातावर बोराएवढी गाठ आली. मी सुई फेकून दिली. म्हटलं, एकदा तुला अधू केलं म्हणून वीस वर्षं मेले, आता पुन्हा नको. तो गाठीवर बोट दाबून बसला होता. "येडे, तवा तू काय केलंच न्हाईस. आता कर. ह्याच्या हाताला चुकण्यापरीस मपल्या हाताला चूक." किती वेळा चुकले ते मी मोजलं नाही. त्यानंही कधी हात मागं घेतला नाही.

मुलगा आता चार वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात तो खेळता खेळता थांबला आणि म्हणाला, "आई, कोपरात मुंग्या." नशिबानं दादा आलेला होता. लाल खुर्ची ओढली, दादा बसला, मुलगा त्याच्या मांडीत. मालकांनी फ्रिजमधलं औषध काढलं, सासूबाई दुसरीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. मी खाली गुडघ्यावर बसले, मुलाचा दुसरा हात धरला, शीर शोधली. एकदाच टोचलं. नळीत मागं लाल ठिपका आला, म्हणजे शीर बरोबर लागली. औषध हळूहळू आत गेलं. मी सुई काढली, कापूस दाबला, आणि तेव्हा कुठं श्वास सोडला.

आणि त्या पठ्ठ्यानं, इतका वेळ दात-ओठ खाऊन बसलेल्या, मोकळं झाल्या झाल्या मला खांद्यात सणसणीत लाथ घातली. मी मागं फरशीवर आपटले.

"घे!" दादा हसून हसून लाल झाला. "लाथाळीचंच लेकरू!"

मालकही हसायला लागले, तोंड फिरवून उभ्या असलेल्या सासूबाईही. मी मात्र तशीच सरकत पुढं आले आणि लेकराचा पाय दोन्ही हातांत धरला. घोटा दाबून बघितला, गुडघा बघितला, बोटं एकेक करून बघितली. "लागलं का रे तुला? कुठं लागलं?" मी विचारत होते. सासूबाईंनी न सांगता बर्फाची पिशवी आणून दिली. दुखत माझा खांदा होता, आणि बर्फ मी त्याच्या पायाला लावत होते.